मुद्दाम काळी केलेली पेटी

माणिकबाईनं आजवर गाय दात पाहून घेतली, तूर दाताखाली फोडून घेतली आणि सून तिच्या चालण्यावरून पसंत केली. तिन्ही बाबतींत आपण कधी फसलो नाही असं तिचंच म्हणणं होतं, आणि घरात ते खोडून काढायची कोणाची छाती नव्हती. दुसरी पास झाली आणि शाळा सुटली. पण डोळे अन् बोटं शाबूत असल्यावर अक्षरांचं काय लोणचं घालायचं, असं ती उलट विचारायची. तीच माणिकबाई त्या दिवशी अमरावतीच्या राजापेठेतल्या एका काचेच्या दुकानात दोन पेट्यांसमोर अशी उभी होती, की जणू कोणी तिला भलत्याच गावच्या फाट्यावर उतरवून दिलं.

दोन्ही पेट्या पितळेच्या. दोन्ही गेटला लावायच्या, टपालासाठी. दोन्हीच्या झाकणावर पिसारा पसरलेला मोर. एक पिवळीधमक, डोळ्यात भरणारी. दुसरी काळपट, चुलीजवळ दहा वर्षं पडून राहिलेल्या भांड्यासारखी. आणि दुकानदार, केदार नावाचा दाढीवाला माणूस, काळीची किंमत जास्त सांगत होता.

"थांब," माणिकबाई म्हणाली. "घासलेलीचे कमी अन् न घासलेलीचे जास्त? उलटं तं नायी सांगून राह्यला तू?"

"आजी, ती न घासलेली नाही. अँटिक फिनिश आहे. मुद्दाम काळी केली आहे."

"मुद्दाम?"

"हो. आधी हीपण पिवळीच होती. औषध लावून काळी करतात, मग वरून जराशी पुसतात. पिसावर पिवळं राहते, खाचेत काळं. शेवटी मेणाचा हात."

"म्हंजे नव्या पितळेले मेहनत करून जुनं करतेत."

"बरोबर."

"काहून?"

केदारनं मदतीसाठी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ज्योत्स्ना म्हणजे सून, कॉलेजात शिकवायची आणि सासूशी बोलताना आवाज नेहमी एक पायरी खाली ठेवायची. "आई, आजकाल लोकांना असंच आवडते. जुनं दिसलं म्हणजे घराला वजन येते."

"घराले वजन मानसानं येते, मळानं नायी." माणिकबाई पिवळीकडे वळली. "मंग ही अशीच राहीन का पिवळी?"

"नाही ना," केदार खरं बोलणारा निघाला. "हिच्यावर लॅकर आहे, बायका नखाला लावतात तसं, पण बिनरंगाचं. दोन-तीन वर्षं चकाकेल. मग ऊन-पाण्यानं ते पोपडे धरते आणि मधे मधे डाग पडतात. ही काळी मात्र जितकी जुनी होईल तितकी चांगली दिसेल."

माणिकबाईच्या डोक्यात सगळं भोवंडलं. नवी आहे ती जुनी झाली की बिघडणार. जुनी करून ठेवली ती आणखी जुनी झाली की सुधारणार. आणि काळं पडणं हा आता दागिना. मग आपण अकोल्याला त्या दिवशी जे बोललो, ते काय बोललो?

पेटीची हौस ज्योत्स्नाला आहे असंच घरात सगळ्यांना वाटत होतं. गेट नवं बसलं होतं, त्याला शोभेलसं काही लावू म्हणाली, आणि सासू म्हणाली, "लाव. पन मी पाहून घेईन." एवढंच. आडवं बोलणं नाही, टोमणा नाही. तेव्हा किशोरनं, तिच्या लेकानं, ताटावरून चमकून वर पाहिलं होतं.

माणिकबाईचं कारण तिच्या ट्रंकेत होतं, लुगड्याच्या घडीत. एक पोस्टकार्ड. पाण्यानं फुगून वाळलेलं आणि शेणाच्या डागानं हिरवट झालेलं.

कार्ड अकोल्याचं, थोरल्या बहिणीचं, तानुबाईचं. दोघी बहिणी अकरा वर्षांपासून बोलत नव्हत्या. नात्यातल्या लग्नात एकीला आवतण गेलं की दुसरी आजारी पडायची. फक्त दर दिवाळीला अकोल्याहून एक कार्ड यायचं, एकाच ओळीचं: आम्ही बरे आहो, तुम्ही बरे असाल. तानुबाईची बोटं वातानं वाकलेली, अक्षरंही तशीच वाकडीतिकडी. माणिकबाई उत्तर देत नसे. दिलं तर आपण नमलो असं होईल. पण कार्ड आल्याशिवाय तिच्या घशाखाली चिवडा उतरत नसे, हेही खरं.

मागच्या दिवाळीला नत्थुजी पोस्टमननं नेहमीसारखं कार्ड गेटच्या सळयांमधून आत टाकलं. गेटच्या आत मातीचा एक तुकडा होता. सगळीकडे फरशी बसली तरी तेवढा माणिकबाईनं भांडून मातीचाच ठेवला होता, सडा टाकायला. फरशीवर काय सडा टाकतेत, ती काय मोरी आहे, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी अंधारातच उठून तिनं शेणपाण्याची बादली दोन हातांनी भिरकावली आणि रांगोळीसाठी वाकली, तेव्हा बोटाला कार्ड लागलं.

पहिली ओळ तेवढी वाचता आली. आम्ही बरे आहो. पण त्याखाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणखी चार ओळी होत्या. आता त्यांचे फक्त चार निळे ओघळ उरले होते. कार्ड उन्हात धरलं, दिव्याकडे धरलं, उलटं करून पाहिलं. एक अक्षर लागेना. त्या बोटांनी चार ओळी लिहायच्या म्हणजे तानुबाईला अर्धा दिवस लागला असणार. काय सांगायचं होतं तिला? लेकाला दाखवावं, तर सडा कोणी टाकला ते सांगावं लागेल. तानुबाईला विचारावं, तर तोंड उघडावं लागेल. माणिकबाईनं कार्ड ट्रंकेत ठेवलं आणि वर्षभर त्याचा विचार केला. या दिवाळीचं कार्ड भिजता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

आणि भांडण कशावरून? पितळेवरूनच. तानुबाईच्या विमलला पाहायला पाहुणे आले होते. बैठकीत कोपऱ्यात आईचा पितळी गुंड, ज्यातून दोघींनी लहानपणी विहिरीचं पाणी वाहिलं होतं, तो काळाकुट्ट होऊन पडलेला. माणिकबाईच्या जिभेला तेव्हाही लगाम नव्हता. भर पाहुण्यांत म्हणाली, "बाई, आईच्या गुंडाची ही दशा? हात झडले का तुहे?" तानुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बोटं तेव्हापासूनच वाकायला लागली होती. माणिकबाईला ते पंधरा दिवसांनी, तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

आता इथं, या काचेच्या दुकानात, लोक तोच काळेपणा पसंत करून घरी नेत होते.

"पानी आन," ती केदारला म्हणाली.

"थंड देऊ का साधं?"

"कोनतंही. पेटीले पाजाचं आहे."

"आजी, दुकानात..."

"मंग काय घरी नेऊन भिजवू? तवा परत घेशील का?"

तिनं काउंटरवरच्या जाहिरातीच्या कागदाचे दोन तुकडे केले, एकेका पेटीत टाकले, झाकणं लावली आणि पेल्यानं वरून पाणी सोडलं. ज्योत्स्नानं लाजून रस्त्याकडे तोंड फिरवलं. पिवळीचं झाकण सैल होतं; मोराच्या मानेवरून पाणी सरळ आत गेलं. काळीच्या झाकणाला आतून रबराची पट्टी होती आणि वरचं टप छपरासारखं बाहेर आलेलं. कागद ठणठणीत कोरडा निघाला. माणिकबाईनं पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"हेच झाकन पिवळीले बसवून दे."

"नाही बसत, आजी. पिवळीचा साचा वेगळा आहे."

डोळे पिवळी म्हणत होते, कागद काळी म्हणत होता.

"दे मंग तेच काळं तोंड," ती शेवटी म्हणाली.

ऑटोत ज्योत्स्ना खुशीत होती. सासूनं आपल्या पसंतीला मान दिला, असं पहिल्यांदाच घडत होतं. "आई, आवडली ना तुम्हाला?"

"कागद कोरडा राह्यला," माणिकबाई म्हणाली. ज्योत्स्नाला यातून काय घ्यावं ते समजलं नाही.

दसऱ्याला पेटी गेटवर चढली. किल्ली माणिकबाईच्या पदराच्या गाठीला बसली. नत्थुजीला तिनं उभं करून समजावलं, "आता सळयांतून फेकलं तं पाय. याच्यात टाकाचं. अन् टाकल्यावर झाकन दाबाचं." नत्थुजीची नोकरी संपायला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं, त्यानं झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाला, "पेटी झ्याक आहे बाई. पन नवी घ्याची ना वो, जुनी काहून घेतली?"

माणिकबाईच्या काळजात ते जाऊन बसलं.

धनतेरसच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं पितळ अंगणात आलं. चिंच भिजलेली, राख चाळलेली. समया, घंगाळ, देवाची ताम्हणं उन्हात मांडली तेव्हा ती सोन्यासारखी दिसत होती. समोरच्या पार्वताबाई भाजी घेऊन येता येता थांबल्या. त्यांची नजर समयांवरून फिरत गेटवर गेली.

"माणिकबाई, एवढं घासलं अन् हे दारावरचंच राह्यलं का वो? थकल्या वाटते तुमी."

हात झडले का, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण माणिकबाईला तेच ऐकू आलं, आणि तेही आपल्याच आवाजात.

ज्योत्स्ना कॉलेजात होती. किशोर दर्यापूरला शेतावर, सोयाबीनच्या पोत्यांपाशी. माणिकबाई स्टूल घेऊन गेटाशी बसली आणि चिंचेचा गोळा मोरावर दाबला. आधी मेण निसटलं, बोटांवरून घसरलं. मग काळं पाणी सुटलं, कोळसा धुतल्यासारखं. मग पिसाऱ्याचं एक टोक पिवळं झालं. तिला हुरूप आला. दोन तास घासत होती. मोराची मान निघाली, डावा पंख निघाला. उजवा पंख आणि खालची वेल मात्र काही केल्या निघेना. औषध आतपर्यंत मुरलं होतं. शेवटी खांदा भरून आला तेव्हा तिनं पाणी मारलं आणि मागे होऊन पाहिलं. अर्धी पेटी लग्नातली, अर्धी स्मशानातली.

ज्योत्स्ना संध्याकाळी आली, स्कूटी लावली आणि हेल्मेट काढायचंच विसरली.

"आई, हे काय केलं?"

"दिवाळी आहे."

"आई, त्याचेच तर पैसे दिले होते!"

"कायचे? काळेपनाचे?"

"हो! काळेपणाचेच!"

बोलून झाल्यावर ज्योत्स्नाला स्वतःलाच ते विचित्र वाटलं असावं. तिनं हेल्मेट काढलं. सासू-सून पेटीकडे पाहत राहिल्या. दोघींनाही आपलं काही चुकलं आहे असं वाटत नव्हतं, आणि पेटी तर साफ चुकलेली दिसत होती.

दिवाळी आली. माणिकबाई रोज दुपारी किल्ली लावून पेटी उघडायची. ट्यूशन क्लासच्या जाहिराती निघायच्या, कोरड्याकडकडीत. विजेचं बिल निघालं. एका फर्निचरवाल्याचा रंगीत कागद निघाला. कार्ड नाही. पाडवा गेला, भाऊबीज गेली.

"नत्थुजी, अकोल्याचं काही?"

"नायी बाई."

"नीट पाह्यलं का? दुसऱ्याच्या घरी तं नायी टाकलं?"

"अकोल्याचं कार्ड मले बिनचष्म्याचं ओळखू येते. त्याच्यावरची अक्षरं लंगडत येतेत."

आणि इकडे पेटीनं वेगळाच तमाशा सुरू केला. जिथं जिथं घासलं होतं तिथं चौथ्या दिवशी तपकिरी डाग उमटले. माणिकबाईनं नीट पाहिलं तर ती तिचीच बोटं होती. पाच बोटं, अंगठा सुद्धा. तिनं पुन्हा चिंच लावली. पुन्हा पिवळं झालं. दोन दिवसांत पुन्हा डाग, यावेळी लालसर. तिसऱ्यांदा घासलं तर मोराच्या मानेखाली हिरवं आलं. समया घासल्या की महिना-महिना चांगल्या राहतात, आणि ही बाई दोन दिवस धड राहत नाही. तिला काही समजेना. पेटीचंही नाही आणि कार्डाचंही नाही. मागच्या चार ओळींत बहिणीनं काही विचारलं होतं का? आपण उत्तर दिलं नाही म्हणून या वर्षी कार्ड बंद? की लिहायला बोटंच वळली नाहीत? वाईट काही असतं तर विमलचा फोन आला असता. की आलाच नसता?

पंचमीला ती कोणाला न सांगता ऑटो करून केदारच्या दुकानात गेली.

"आजी, तुम्ही घासली," केदार तिचं बोलणं संपायच्या आत म्हणाला.

"तुले कोनं सांगतलं?"

"तुमचे हात पाहा." तिच्या नखांत अजून काळं होतं. "वरचं मेण गेलं, काळा थर गेला. आता ते उघडं पितळ झालं. समई घरात असते, ही उन्हात अन् दवात. आता दोनच रस्ते आहेत. एक तर जन्मभर दर दोन दिवसांनी घासा..."

"अन् दुसरा?"

"हात लावू नका. पाणी पडू द्या, ऊन पडू द्या, कोणाचा हात लागला तर लागू द्या. वर्षभर वाईट दिसेल. मग आपोआप सगळी एकसारखी होईल, मधाच्या रंगाची. औषधानं होते त्याच्यापेक्षा चांगली."

"वर्षभर वाईट दिसू देऊ? माह्या दारावर?"

"हो."

ती स्टुलावर बसली. केदारनं न मागता पाणी आणलं, यावेळी पिण्यासाठी.

"मले एक सांग," ती म्हणाली. "एका बाईनं दुसरीले पितळ काळं ठेवलं म्हनून भर मानसात हिनवलं. अन् मंग तिनं सोताच काळं पितळ इकत आनून दाराले लावलं. तं खरं कोन, खोटं कोन?"

केदारनं पेला परत घेतला. "आजी, मी फक्त विकतो," तो म्हणाला.

येताना तिनं चौकात नत्थुजीला गाठून त्याच्याकडून एक कोरं कार्ड घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं. पन्नास वर्षांत तिनं सही सोडून काही लिहिलं नव्हतं. पहिली ओळ लिहायला घेतली आणि पेन तिथंच अडलं. आम्ही बरे आहो असं लिहावं, तर ते खरं नव्हतं. पेन खाली ठेवलं, पाणी प्यायली, खिडकीतून पेटीचं ते अर्धवट ध्यान पाहिलं. मग एकदम लिहिलं, हात थांबू न देता:

बाई. तुह्या मागच्या कार्डावर मी सडा टाकला. चुकीनं. वाचता नाही आलं. काय लिवलं होतं सांग. माह्या दारावर पितळ काळं हाय. घासत नाही. माणिक.

लिहून झालं तेव्हा तिला घाम आला होता. जुन्या कार्डाच्या कोपऱ्यावरून पत्ता एकेक अक्षर पाहून उतरवला आणि कार्ड नेऊन पेटीत टाकलं. झाकण दाबलं.

तीन दिवस ती नत्थुजीच्या सायकलीची घंटा ऐकत राहिली आणि मुद्दाम बाहेर गेली नाही. त्यानं वाचलं असेल, या लाजेनं. चौथ्या दिवशी राहवलं नाही.

"पोचलं का वो कार्ड?"

"कोनतं कार्ड?"

"मी टाकलेलं. पेटीत."

नत्थुजीनं पेटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सायकलीच्या सीटवर हात टेकून हसायला लागला. "बाई, ही घ्याची पेटी आहे, द्याची नायी! मी याच्यात टाकतो, याच्यातून काढत नायी. किल्ली तं तुमच्या पदराले!"

माणिकबाईनं आयुष्यात पाहिलेली प्रत्येक टपालपेटी लाल होती आणि माणसं तिच्यात पत्र टाकायची. पेटी म्हणजे टाकायची जागा, एवढंच तिला ठाऊक. आपलीच पेटी तेवढी उलटी का? या पेटीचं सुरुवातीपासून एक तरी सरळ आहे का?

"हसू नको," ती म्हणाली आणि किल्ली काढली. "घे हे. अन् वाचशील तं पाय."

"उघड्या कार्डाले कोन वाचत नायी बाई," नत्थुजी म्हणाला आणि कार्ड पालथं धरून थैलीत ठेवलं.

कार्तिकातल्या पौर्णिमेच्या दिवशी सकाळी माणिकबाई तुळशीला पाणी घालत होती. गेटाशी ऑटो थांबला. एक बाई उतरली, जरा वाकलेली, हातात कापडी पिशवी. ती आत आली नाही. गेटाबाहेर उभी राहून पेटीकडे पाहत राहिली.

माणिकबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"माणके," तानुबाई म्हणाली. अकरा वर्षांनंतर पहिला शब्द. "अमरावतीतली चिंच संपली का वो?"

माणिकबाईकडे या भेटीसाठी कितीतरी वाक्यं तयार होती. भांडायची होती, रडायची होती, एक-दोन तर इतकी टोकदार होती की तिनं स्वतःशीच बोलून पाहिली होती. यातलं एकही या प्रश्नाला लागू पडेना. हा टोमणा होता? अकरा वर्षं जपून ठेवलेला तोच टोमणा व्याजासकट परत? की थट्टा होती? बहिणीच्या तोंडावरून काही कळेना.

"दुकानदार म्हनते, घासाचं नायी," तिच्या तोंडून निघालं.

"दुकानदार म्हनते! तू कवापासून कोनाचं आयकाले लागली?"

"ये ना आत."

"दार उघडशील तवा येईन ना."

ज्योत्स्नानं चहा आणला, पाया पडली आणि कोण आहे हे न विचारता समजून आत गेली. तानुबाईनं कप दोन्ही तळव्यांत धरला. बोटांनी धरणं आता होत नव्हतं. माणिकबाईनं ते पाहिलं आणि नजर जमिनीवर नेली. मग उठून ट्रंक उघडली, कार्ड काढलं आणि बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

तानुबाईनं ते नाकाजवळ नेलं. "शेन," ती म्हणाली. मग हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की काय, माणिकबाईला आधी समजलंच नाही. हसता हसता तिला ठसका लागला. "मले वाटलं, वाचून फेकून देल्लं तुनं. वरीसभर म्हनत होतो, माह्या बहिनीचं काळीज दगडाचं आहे. अन् हे तं शेनाचं निघालं!"

"काय लिवलं होतं, थे सांग."

"पौर्निमेले नांदगावले ये. खंडेश्वराच्या देवळाच्या पायरीवर, आई दिवे लावे तिथं. मी येतो, तू ये. घरी बोलवत नायी, तुह्या घरी येत नायी, म्हंजे कोनी नमलं नायी." तानुबाईनं कप खाली ठेवला. "मी आलो होतो. सकाळच्या गाडीनं. संध्याकाळलोक बसलो पायरीवर. दोन पणत्या आनल्या होत्या, दोनी मीच लावल्या."

सगळ्या वर्षात तिनं त्या चार ओळींचे शंभर अर्थ लावले होते. आजार, वाटणी, शाप सुद्धा. कोणी पायरीवर दिवसभर बसलेलं असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"फोन कराले काय झालं होतं?" ती शेवटी रागावली, कारण दुसरं काही जमत नव्हतं.

"अन् तू उचलला असता?"

माणिकबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज पौर्निमा आहे," माणिकबाई म्हणाली.

"मंग मी काय तुहा चहा प्याले आलो अकोल्याहून? ऊठ. लुगडं बदल. साडेदहाची गाडी आहे नांदगावची."

निघताना दोघी गेटाशी थांबल्या. तानुबाईनं एक वाकडं बोट मोराच्या पिसाऱ्यावरून फिरवलं, पिवळ्यावरून काळ्यावर, काळ्यावरून हिरव्यावर. तिथं डाग पडणार, हे माणिकबाईला आता माहीत होतं.

"बाई, एक सांग," ती म्हणाली. असं तिनं जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. "हे घासू का असंच राहू देऊ?"

"मले काय इचारतं? मोतीबिंदू आहे दोनी डोळ्यांत. मले तं सारंच पिवळं दिसते."

माणिकबाई थबकली. "मंग आल्या आल्या चिंचेचं कसं म्हनलं तुनं?"

"कार्डात तूच लिवलं ना, काळं हाय म्हनून. विमलनं वाचून दाखवलं. मी म्हनलं, दारात गेल्यावर आधी हेच बोलाचं. अकोल्यापासून घोकत आलो बसमधी."

"म्हंजे टोमनाच होता."

"आता तुले जो वाटन तो," तानुबाई म्हणाली आणि ऑटोत चढायला हात पुढे केला. माणिकबाईनं तो हात धरला. वाकलेली बोटं तिच्या तळव्यात नीट बसली नाहीत, टोचली. तिनं हात सोडला नाही.

ऑटो सुरू झाला. ज्योत्स्ना गेटाशी उभी होती. आपल्या घरात काय झालं आणि काय मिटलं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. माणिकबाईनं ऑटोतून मान बाहेर काढली.

"ज्योत्स्ना, उद्या सकाळी मी नसलो तं सडा तू टाकजो. पन टाकाच्या आधी खाली पाहून घेजो, माय."

"काय पाहायचं, आई?"

पण ऑटो तोवर वळला होता.